आकड्याचं घर

पोस्टकार्डावर आकड्यांच्या जागी अक्षरं दिसली आणि हेमलताबाई जगदाळ्यांनी आधी पत्ताच पुन्हा तपासला. पंचेचाळीस वर्षांत विद्याधर कुलथेनं त्यांना एवढा मजकूर कधी लिहिला नव्हता.

"केंद्रात वेळ मिळाली. अकरा मार्च, दुपारी दोन. आधी आपली सगळी साखळी पहिल्या पायरीपासून तपासणार म्हणतात. तसा नियमच आहे. येशील?"

त्या कार्ड हातात घेऊन तशाच झोपाळ्यावर बसल्या. 'तपासणार' हा शब्द त्यांनी चार वेळा वाचला. 'येशील' किती वेळा वाचला ते मोजलं नाही. अडुसष्टाव्या वर्षी, सून-जावयांच्या वयाच्या लोकांना गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाईला एका शब्दानं धडधडावं, म्हणजे कमालच. पण धडधडलं खरं.

आता हे प्रकरण काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई उगाच घाबरतायत.

शहाण्णव साली हेमलता बागल आणि विद्याधर कुलथे कोल्हापूरला विद्यापीठात गणित शिकत होते. ओळख झाली तीच भांडणातून. दोघांनाही ग्रंथालयातलं एकच पुस्तक हवं होतं आणि प्रतही एकच होती. दोघं इतके कडाकडा भांडले, की ग्रंथपालांनी पुस्तक दोघांनाही दिलं नाही. बाहेर आल्यावर कुलथे म्हणाला, "पुस्तक राहू दे गं. नंबर तर आपलाय." आणि त्या पुस्तकाचा पाच अंकी दाखल क्रमांक वहीत लिहून त्यानं तिच्यासमोर एक खेळ मांडला.

खेळ तसा सोपा. कुठलीही संख्या घ्या. दहा घ्या. दहाचे मूळ अवयव दोन आणि पाच. ते शेजारी शेजारी लिहा, झाले पंचवीस. पंचवीसचे पाच आणि पाच, म्हणजे पंचावन्न. पंचावन्नचे पाच आणि अकरा, म्हणजे पाचशे अकरा. त्याचे सात आणि त्र्याहत्तर, म्हणजे सातशे त्र्याहत्तर. इथे गाडी थांबते, कारण सातशे त्र्याहत्तरला कशानंच भाग जात नाही. ती मूळ संख्या. दहाचं घर सातशे त्र्याहत्तर. प्रत्येक संख्या अशी चालत चालत कधी ना कधी आपल्या घरी पोचतेच, असं गणिती मानतात; सिद्ध मात्र कुणालाही करता आलेलं नाही. दहा बिचारा चार पायऱ्यांत पोचतो. काही संख्या शंभर-दोनशे अंकी होऊन बसतात, तरी त्यांचं आपलं चालूच.

एक पायरी तिनं चढायची, एक त्यानं. नियम दोनच ठरले. पहिला, समोरच्यानं दिलेला आकडा मुकाट्यानं घ्यायचा, उलटतपासणी करायची नाही. दुसरा, आपण दिलेला आकडा पुढे फोडून बघायचा नाही; ती समोरच्याची पाळी. हा दुसरा नियम हेमलतामुळे आला. एकदा तिनं आगाऊपणा करून तीन पायऱ्या पुढचं काढून ठेवलं आणि कुलथे आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. घरी पोचेल त्या दिवशी आकडा लिहायचा नाही, फक्त 'पोचला' एवढं लिहायचं, असंही ठरलं होतं.

एकविसाव्या पायरीला अभ्यासक्रम संपला. अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात हेमलताचं लग्न झालं. अशोकराव जगदाळे, पाटबंधारे खात्यात अभियंता, मुक्काम कराड. माणूस देवासारखा. लग्नानंतर दोन महिन्यांनी पहिलं पोस्टकार्ड आलं. पत्ता 'सौ. हेमलता अशोक जगदाळे', आणि मागे नुसते आकडे, दहा-दहाच्या ओळींत. खुशाली नाही, सही नाही, अवयव कुठे तुटतात तेही नाही. उघडं कार्ड सासूबाईंनी वाचलं, दिरानं वाचलं, शेजारणीनंही वाचलं असेल. वाचून करणार काय? पोस्टमन भिसे मात्र फार दिवस संशयात होता. शेवटी त्यानं दबक्या आवाजात विचारलंच, "वैनी, हा कुठला मटका म्हणायचा? आजवर लागला का एकदा तरी?"

"नाही हो भिसेभाऊ," हेमलता हसून म्हणाली, "लागत नाही म्हणूनच खेळतोय."

अशोकराव चिडवायचे, "आला का तुझा आकडा?" त्यांनी कधी वाकडं विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही नव्हतंही. दिवसभर कॉलेज, मुलगी, स्वयंपाक, सासूबाईंची पथ्यं. आणि संध्याकाळी तासभर संगणकासमोर बसून त्या आकड्याचे अवयव शोधायचे. तेवढा तास ती बागल असायची. तिला या नावानं हाक मारणारं जगात आता कुणी उरलं नव्हतं, आणि कार्डावर तर ते नाव लिहिलेलंही नसायचं. तरी असायची.

आणि दोन हजार नऊ साली तिनं खोटेपणा केला.

शहाऐंशीवी पायरी कुलथेकडून आली, एकशे तीस अंकी. एखादी संख्या मूळ आहे की नाही एवढंच विचारलं, तर संगणक चुटकीसरशी सांगतो. वेळ लागतो तो अवयव शोधायला. तिनं आकडा भरला आणि पडद्यावर एकच शब्द उमटला. मूळ. तिनं पुन्हा भरला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा एकेक अंक बोट ठेवून तपासला. आकडा घरी पोचला होता.

केवढा आनंद व्हायला हवा होता! तिनं कोरं कार्ड घेतलं, 'पोचला' असं लिहिलं, पत्ता घातला, चपला घालून पेटीपर्यंत गेली. आणि पेटीसमोर उभं राहिल्यावर तिच्या डोक्यात उजेड पडला, की हे कार्ड आत पडलं म्हणजे यानंतर काहीच येणार नाही. दिवाळीआधी नाही, उन्हाळ्यात नाही, कधीच नाही. ती तशीच परत आली, ते कार्ड फाडलं, आणि तीन अवयव मनानं बनवून ते शेजारी शेजारी लिहून पाठवले. गंमत बघा, त्या तिघांपैकी प्रत्येक अवयव खरोखर मूळ आहे याची तिनं संगणकावर खात्री करून घेतली. गुणाकार खोटा ठरला तरी चालेल, पण मूळ नसलेल्याला मूळ म्हणणं काही तिच्या हातून होईना.

पुढं ती खोटी साखळी निमूट चालत राहिली. दोन हजार एकवीसमध्ये हेमलताबाईंनी एकशे एकोणिसावी पायरी पाठवली, दोनशे चौदा अंकी, आणि कुलथे तिथं अडकला. संख्या मूळ नाही हे त्याला पहिल्याच मिनिटाला कळलं. पण अवयव सापडेनात. तेव्हापासून दर जानेवारीत कार्ड यायचं. त्यावर दोन शब्द. 'अजून नाही.'

बावीस वर्षं. अशोकराव गेले, मुलगी नाशिकला संसाराला लागली, भिसे पोस्टमनच्या जागी दुसरे आले. कुणाकुणाकडून कानावर यायचं, की शेवगावात कुलथेसरांनी लग्न केलं नाही, बहिणीच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत पाच-सहा जुने संगणक मांडलेत, वीज गेली की सर घामाघूम होऊन बॅटऱ्या बदलत बसतात. हेमलताबाईंना ते ऐकून अन्न गोड लागायचं नाही. तो माणूस जो आकडा फोडायला आयुष्य घालवत होता, तो आकडाच मुळी खरा नव्हता. ज्या पायरीतून तो निघाला, तीच त्यांनी मनानं बनवली होती.

आणि आता ती साखळी तपासणार होते.

तपासणाऱ्या यंत्राविषयी थोडं सांगतो. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणं सोपं, पण गुणाकार हातात देऊन मूळ संख्या मागितल्या तर भलेभले संगणक वर्षानुवर्षं घाम गाळत. या एवढ्या गोष्टीवर जगातली कुलपं उभी होती. बँकांची, दवाखान्यांची, प्रेमपत्रांचीसुद्धा. साधा संगणक एकामागून एक किल्ली लावून बघतो. पुंज संगणकाची, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरची, तऱ्हा निराळी. तो किल्ल्या लावतच नाही. संख्येच्या पोटात एक लय दडलेली असते, ठरावीक अंतरानं तीच ती बाकी उरते. पुंज संगणक असंख्य शक्यता एकमेकींवर आदळू देतो, चुकीच्या शक्यता आपसांत विरून जातात आणि ती लय तेवढी वर येते. लय सापडली की अवयव सापडले.

असं यंत्र नीट चालू लागल्यावर आधी बोंबाबोंब झाली. बँकांनी कुलपं वेळेवर बदलली होती. पण लोकांची जुनी गुपितं जुन्याच कुलपांत पडून होती, ती भराभरा उघडली. वीस वर्षांपूर्वीचे निरोप वाचून माणसं एकमेकांची तोंडं बघेनाशी झाली. मग सगळं निवळलं, आणि पुण्याबाहेरच्या टेकडीवरच्या पुंजगणन केंद्रानं महिन्यातून एक दिवस सामान्य नागरिकांसाठी खुला केला. ज्याला जे मोजायचं असेल त्यानं अर्ज करावा. वीस मिनिटं मिळतील.

कुलथेनं अर्ज केला होता.

हेमलताबाईंनी चार दिवस स्वतःशी भांडण काढलं. जाऊ नये. नाही गेलं तरी ते तपासणारच, आणि मग त्याला तो लाल शेरा एकट्यानं बघावा लागेल. कार्डावर लिहून कळवावं? सत्त्याऐंशीवी पायरी खोटी आहे, असं उघड्या कार्डावर? हात धजेना. शेवटी त्यांनी ठरवलं, की तोंडानं सांगायचं, यंत्रानं सांगायच्या आधी. त्यानं मग मागं वळून निघून जावं. तेवढा हक्क त्याला आहे. पण निदान एकदा डोळ्यांनी दिसेल तरी.

अकरा मार्चला दुपारी साडेबाराला त्या केंद्राच्या उपाहारगृहात पोचल्या. खिडकीशी एक उंच, वाकलेला म्हातारा बसला होता. समोर दोन चहा. एक झाकून ठेवलेला.

"बागल," तो उठत म्हणाला, "पांढरी झालीस की गं!"

झालं. चार दिवस घोकलेलं सगळं पार वाहून गेलं. हेमलताबाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या.

"आणि तू काय कोवळा राहिलायस? चष्मा बघ तुझा, बाटलीचं बूड."

"तुझ्याच आकड्यानं लागलाय तो," कुलथे हसला.

हेमलताबाईंनी झाकण काढून चहा ओठाला लावला. गार होता. तो किती वेळ येऊन बसला होता कोण जाणे. इकडची तिकडची चौकशी झाली. अशोकरावांबद्दल त्यानं मनापासून विचारलं, ते कशानं गेले, फार त्रास तर झाला नाही ना. बहिणीच्या गुडघ्यांबद्दल सांगितलं. बोलता बोलता तो सारखा घड्याळ बघत होता आणि रुमालानं तळहात पुसत होता.

"बागल, मी त्या बाईंना विचारलं," तो एकदम म्हणाला, "इथल्या डॉक्टर मुल्लांना. म्हटलं, ती तपासणी टाळता नाही का येणार? नुसता शेवटचा आकडा द्या म्हटलं. तर नाही म्हणाल्या. आधीच्या पायऱ्या तपासल्याशिवाय यंत्राचा वेळ द्यायचाच नाही, असं ठरलंय त्यांचं."

हेमलताबाईंच्या मनात आलं, याला कळलंय. बावीस वर्षं त्या आकड्याशी झटलेल्या माणसाला कळणार नाही तर कुणाला? आणि आपली अब्रू वाचवायला हा म्हातारा डॉक्टरांच्या हातापाया पडतोय. त्यांना ते अगदी असह्य झालं.

"कुलथे, ऐक. मध्ये बोलू नकोस. सत्त्याऐंशीवी पायरी खोटी आहे. तू पाठवलेली शहाऐंशीवी मूळ होती. आकडा तुझ्या हातून घरी पोचला होता. मी तुला कळवलं नाही. मी मनानंच अवयव लिहिले."

कुलथेचा चेहरा उतरला. हातातला रुमाल टेबलावर पडला.

"कधी?"

"दोन हजार नऊ."

"का?"

"का म्हणजे काय रे? कार्ड यायचं बंद झालं असतं." त्यांना रडूच कोसळलं. "तू त्या पत्र्याच्या खोलीत मरमर मरत होतास ते मला कळत होतं. दर जानेवारीत वाटायचं, लिहावं. आणि दर जानेवारीत वाटायचं, पुढच्या वर्षी लिहू. मी फार वाईट वागले तुझ्याशी."

त्यानं चष्मा काढला, डोळ्यांवर हात धरले. खांदे हलत होते. हसतोय की रडतोय ते काही कळेना. थोड्या वेळानं त्यानं चष्मा घातला आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "चल. दोन वाजत आले."

बस, एवढंच. हेमलताबाई त्याच्यामागून चालू लागल्या. संपलं, त्यांनी मनाशी म्हटलं.

डॉक्टर नसीमा मुल्ला पन्नाशीच्या, गोल चेहऱ्याच्या, भराभर बोलणाऱ्या बाई होत्या. यंत्र काचेपलीकडे होतं, एका मोठ्या चंदेरी पिंपात, आकाशातल्या पोकळीहूनही थंड. बाहेर फक्त एक टेबल, एक पडदा आणि तीन खुर्च्या.

"सगळ्या पायऱ्या मी आधीच भरून ठेवल्यात," मुल्लाबाई म्हणाल्या. "सरांनी वही पाठवली होती. काय सुंदर अक्षर हो! आता यंत्र प्रत्येक संख्येचे अवयव काढून पुढच्या पायरीशी ताडून बघेल. जुळलं की हिरवं. एक मिनिट लागेल फार तर."

पडद्यावर एकशे एकोणीस छोटे चौकोन होते. पहिला हिरवा झाला. दुसरा. तिसरा. हेमलताबाईंना कोल्हापूरची ती प्रयोगशाळा आठवली, खुर्ची एकच असायची म्हणून आलटूनपालटून बसायचे. एकविसावा हिरवा. बाविसावा, तो लग्नानंतरचा. त्यांनी नजर थेट सत्त्याऐंशीव्या चौकोनावर नेली आणि पदराचं टोक मुठीत धरून बसल्या.

टिंग, असा आवाज झाला. चौकोन पुढं सरकेनात.

"अरेच्चा," मुल्लाबाई म्हणाल्या, "चौतिसाव्या पायरीला तुटली की."

"चौतीस नाही हो," हेमलताबाई म्हणाल्या, "सत्त्याऐंशी. माझी चूक सत्त्याऐंशीव्या पायरीला आहे. नीट बघा."

"पुढचं यंत्र बघतच नाही, पहिली चूक सापडली की थांबतं. ही बघा ना. तेहतिसावी पायरी बावन्न अंकी आहे आणि ती मूळ संख्या आहे. तिथंच संपायला हवं होतं. आणि चौतिसावी..." मुल्लाबाईंनी पडद्यावर बोटानं दोन्ही ओळी शेजारी आणल्या. त्यांच्या भुवया वर गेल्या. "चौतिसावी म्हणजे तेहतिसावीच आहे, उलटी लिहिलेली. शेवटी एक सात जोडलाय फक्त. ही कुणाची पाळी होती?"

सम पायऱ्या कुलथेच्या. हेमलताबाईंना हे सांगायची गरज नव्हती. त्या नुसत्या त्या दोन ओळींकडे बघत राहिल्या. तेहतिसावी त्यांची. दोन हजार एक साली, सासूबाईंची पथ्याची पेज चुलीवर ठेवून, घाईघाईनं लिहिलेली. आपण दिलेला आकडा पुढे बघायचा नाही म्हणून त्यांनी पाहिला नव्हता. आकडा त्यांच्याच हातून घरी पोचला होता, आणि त्यांनी तो तिकीट लावून पेटीत टाकला होता.

"तू पोचवलं होतंस, बागल," कुलथे खाली बघत म्हणाला. "मीच परत बाहेर काढलं. मघाशी सांगायला तोंडच उघडेना. तू आठ वर्षांनी केलंस ते मी आधीच करून बसलो होतो. तुला मघाशी रडताना बघितलं आणि वाटलं, जमीन दुभंगावी."

"उलटा लिहिलास?"

"सुचेचना दुसरं काही. अवयव बनवावेत एवढं डोकंच चाललं नाही. वाटलं, तुझ्या ध्यानात येईल आणि तू रागावून का होईना, दोन ओळी लिहिशील. तर तू त्याचेच अवयव काढून पाठवलेस. इमानदारीत."

हेमलताबाईंना आधी हसू आलं. मग त्यांना इतका संताप आला, की त्यांनी टेबलावर हात आपटला. पेन उडून खाली पडलं.

"बेचाळीस वर्षं! बेचाळीस वर्षं आपण दोघं एका मेलेल्या आकड्याला खांद्यावर घेऊन हिंडलो, आणि तुला एक शब्द लिहिता आला नाही?"

"तुला आला?"

मुल्लाबाईंनी घसा साफ केला.

"माझ्याकडे अहवालात निष्कर्ष लिहायचा असतो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तेहतिसाव्या पायरीला संख्या घरी पोचली, असं लिहीन. दोघांच्या सह्या लागतील. आणि तुमची अकरा मिनिटं उरलीत. तो दोनशे चौदा अंकी आकडा आता तुमच्या साखळीत बसत नाही, पण हवे असतील तर त्याचे अवयव काढून देते. चार मिनिटांचं काम."

हेमलताबाईंनी कुलथेकडे पाहिलं. बावीस वर्षांचं कोडं, चार मिनिटांत. मग त्यांची पाळी येईल, त्यालाही चार मिनिटं. या पिंपापुढं कुणालाच कुणाची वाट बघावी लागणार नव्हती.

"काढून घे ना," त्या म्हणाल्या. "तुझा हक्कच आहे."

"नको." कुलथेनं मान हलवली. "मला त्याचे अवयव कशाला हवेत? अर्ज केला तो तुला बोलवायला. यंदा दवाखान्यात दोन महिने पडून होतो, तेव्हा एकच वाटत राहिलं, की बागल एकदा दिसायला हवी. आणि तुला बोलवायला माझ्याकडे आकड्याशिवाय दुसरं निमित्तच नव्हतं. तपासणीचं तर वेळ मंजूर झाल्यावर कळलं, तेव्हा धाबं दणाणलं."

त्यानं वाकून पेन उचललं, पण सही करेना. कागदावर सही झाली की खेळ संपला, हे दोघांनाही कळत होतं. शेवटी हेमलताबाईंनीच त्याच्या हातातून पेन घेतलं आणि नाव लिहिलं. जगदाळे लिहिलं. अशोकरावांचा संसार त्यांनी मन लावून केला होता, त्यात तसूभर खोट नव्हती, आणि त्या नावाची त्यांना आज लाजही वाटत नव्हती. फक्त ते सगळं सुख भोगत असताना मनाचा एक कोपरा कायम दाराकडे कान लावून बसलेला असायचा, आणि आज पहिल्यांदा तो उघड उघड रडत होता.

कुलथेनं त्यांच्या नावाखाली सही केली.

"तुझ्या लग्नाला चार दिवस होते ना," तो कागदाकडे बघत म्हणाला, "तेव्हा मी इस्लामपूरला आलो होतो. तुमच्या घराकडे निघालो, कोपऱ्यापर्यंत आलो. दारात मांडवाचे वासे पडले होते. तुझे वडील माणसांना हाका मारत होते. मग स्टँडवर परत आलो, चहा घेतला आणि कोल्हापूरच्या गाडीत बसलो."

"कशाला आला होतास?"

"तुला विचारायला."

हेमलताबाईंनी डोळे पुसले, पण काही उपयोग झाला नाही, ते पुन्हा भरले. मुल्लाबाईंना एकाएकी काचेपलीकडे काहीतरी बघायचं काम निघालं आणि त्या उठून गेल्या.

"मग विचार की."

"आता? आता उशीर झाला गं."

"झालाच. पंचेचाळीस वर्षं झाला. तरी विचार."

कुलथे उठून उभा राहिला. सदऱ्याची वरची गुंडी लावली, चष्मा सारखा केला. त्यानं एकही शब्द गिळला नाही, अर्धा सोडला नाही.

"हेमलता बागल, माझ्याशी लग्न करशील?"

"हो," त्या म्हणाल्या. "तेव्हाही हेच म्हणाले असते रे."